गोव्याच्या भुकटीची हकीकत

नायट्यावर घरगुती लेप लावण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. "झाडपाल्याचें औषध, गुण आला तर उत्तमच, न आला तर अपाय तरी नाहीं," असें पुष्कळ सुशिक्षित माणसेंही म्हणतात. बिब्ब्याचें तेल अंगावर उतून ज्यांना फोड आले आहेत, ते मात्र असें म्हणणार नाहींत. या समजुतीची पारख करण्यास एका भुकटीचा इतिहास फार उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकांत ही भुकटी गोव्यांत व मुंबईंत नायट्यावरील हमखास औषध म्हणून विकली जाई, आणि इंग्रज लोक तिला 'गोवा पावडर' म्हणत.

लिंबाच्या रसांत किंवा शिरक्यांत कालवून ती लावीत. गुण येई, परंतु ती कशापासून होते, हें घेणाऱ्यास ठाऊक नसे. १८६४ सालीं मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनीं तिच्याविषयीं विलायतेंतील औषधशास्त्राच्या एका नियतकालिकांत लिहिलें. पुढें १८७४ सालीं डॉ. जोसेफ फेरर यांनींही तिची माहिती प्रसिद्ध केली. ती ब्राझील देशांतील बाहिया येथील डॉ. सिल्वा लिमा यांच्या वाचनांत आली, आणि १८७५ सालीं त्यांनीं उलगडा केला कीं, ही तर आमच्याकडील 'अरारोबा' होय! बाहियाच्या अरण्यांत एक उंच वृक्ष होतो. त्याच्या खोडांतील भेगांत ही भुकटी सांचते; झाड तोडून, खोड फोडून ती खरवडून काढतात. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती समुद्र ओलांडून गोव्यास आली. तिच्या नांवांत गोवा होता, पण तिचें माहेर ब्राझीलमध्यें होतें.

आतां तिचे गुणदोष पाहूं. भुकटी खरवडणाऱ्या मजुरांच्या डोळ्यांची आग होई व तोंड सुजे. लेप लावलेली कातडी लालभडक होई आणि कपड्यांवर जांभळट तपकिरी डाग पडत. शरीराच्या मोठ्या भागावर लावल्यास द्रव्य आंत शोषलें जाऊन मूत्रपिंडांस क्षोभ होई. जें द्रव्य रोग हटवी, तेंच हा दाह करी. मात्रा व जागा यांवर सारें अवलंबून होतें.

१८७६ च्या सुमारास लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांच्याकडे एक रोगी आला. त्याला सोरायसिस झाला होता, पण तो नायटाच समजून त्यानें गोव्याची भुकटी लावली होती, आणि त्याला आराम पडला होता! स्क्वायर यांनीं या योगायोगाचा पाठपुरावा करून तिचें मलम प्रचारांत आणलें. १८७८ सालीं लीबरमान व सायडलर या रसायनशास्त्रज्ञांनीं तींतील मुख्य द्रव्य 'क्रायसारोबिन' असल्याचें दाखविलें. पहिल्या महायुद्धांत जर्मनीस ब्राझीलचा माल मिळेनासा झाला, तेव्हां त्याच्याशीं अगदीं जवळचें नातें असलेलें 'डायथ्रेनॉल' प्रयोगशाळेंत तयार करण्यांत आलें व १९१६ सालीं तें वापरांत आलें. सोरायसिसवर तें अद्यापि वापरतात; पण शंभर भागांत ०.१ भाग एवढ्या सौम्य प्रमाणापासून आरंभ करून, निरोगी कातडी, डोळे व कातडीच्या घड्या यांस तें लागूं न देतां. गूढ भुकटीचें भरंवशाचें औषध झालें तें या मोजमापामुळें.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें, कीं आपली उतावीळ अद्यापि गेलेली नाहीं. १९९९ सालीं लंडन येथें 'वनस्पतिजन्य' म्हणून दिलेलीं ११ मलमें तपासलीं, तेव्हां त्यांतील ८ मलमांत डेक्सामेथासोन हें स्टेरॉइड निघालें. स्टेरॉइडनें नायट्याची खाज थांबते, रोगी संतुष्ट होतो, आणि बुरशी मात्र निर्वेधपणें पसरत राहते. शिवाय कातडी पातळ होते. आपल्याकडे अशीं मिश्र मलमें सर्रास खपूं लागल्यावर भारत सरकारनें २०१८ सालीं अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीवांचून विक्री करण्यास बंदी केली.

म्हणून गृहस्थ व गृहिणी यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ज्यावर घटकद्रव्यांचीं नांवें व प्रमाण छापलेलें नाहीं, तें मलम घरांत आणूं नये. नवें औषध प्रथम हाताच्या आंतल्या बाजूस थोडेंसें लावून दोन दिवस वाट पाहावी. डोळ्यांजवळ, जखमेवर, किंवा तान्ह्या मुलाच्या अंगावर तें आपल्या जबाबदारीवर कधींही लावूं नये. आग होऊं लागल्यास तें ताबडतोब धुवून टाकावें, आणि डॉक्टरांकडे जातांना ती डबीही बरोबर न्यावी. कारण काय लावलें हें कळल्यावांचून डॉक्टरांना उपाय ठरविणें कठीण जातें. गोव्याच्या भुकटींत काय आहे, हें कळण्यास अनेक वर्षें व तीन खंडांतील माणसांचे परिश्रम लागले. आपणांस डबीवरील चार ओळी वाचण्यास एक मिनिट पुरे आहे.