लेंगी: होळीच्या फेरातून फोनच्या पडद्यावर

लेंगी म्हणजे बंजारा समाजाचे होळीचे गाणे आणि त्या गाण्यावर धरलेला फेर. हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यांवर, म्हणजे बंजारा वस्त्यांवर, होळीच्या महिनाभर आधीपासून रात्री जेवणे उरकली की डफ बाहेर निघतात. डफाचे कातडे सैल पडले असेल तर ते जाळावर धरून तापवतात, बोटाने टिचकी मारून आवाज पाहतात आणि मग पुरुषांचा फेर उभा राहतो. एकजण ओळ सुरू करतो, बाकीचे ती उचलतात. ओळ दोन-तीनदा फिरली की पावले जड व्हायला लागतात, कमरेत वाक येतो, डफ छातीवरून डोक्यापर्यंत उचलला जातो आणि गाणे रात्र सरेपर्यंत चालते. लेंगीत चेष्टा असते, दीर-भावजयीची थट्टा असते, संत सेवालाल महाराजांचे नाव असते, अलीकडे दारूबंदी आणि मुलींच्या शाळेचाही विषय असतो.

या खेळाला तांड्याची शिस्त आहे. नायक आणि कारभारी या तांड्याच्या प्रमुखांच्या संमतीशिवाय होळी उभी राहत नाही. होळी खेळणारे पुरुष ते गेरिया, स्त्रिया त्या गेरणी. इतरत्र पौर्णिमेच्या संध्याकाळी होळी पेटते, तांड्यावर ती बहुधा दुसऱ्या दिवशी पहाटे पेटते. त्या वर्षात ज्या घरी मुलगा झाला त्या घरी धुंड हा विधी असतो. मुलाला मांडीवर घेऊन बसवतात, त्याच्या डोक्यावर आडवी काठी धरून तिच्यावर काठ्यांचा ठेका धरतात आणि आशीर्वादाचे बोल म्हणतात. मग गोडधोडाच्या भांड्याभोवती गेरणी काठ्या घेऊन पहारा देतात आणि गेरिया ते पळवायला पाहतात. लेंगी या साऱ्याच्या आधी, मध्ये आणि नंतर चालूच असते, म्हणून तिला नुसते नृत्य म्हणणे अपुरे ठरते.

हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. उत्तरेला वाशीम आणि पूर्वेला यवतमाळचा पुसद भाग असल्यामुळे बंजारा वस्तीच्या मोठ्या पट्ट्याला तो लागूनच आहे. वाशीम जिल्ह्यातले पोहरादेवी हे समाजाचे श्रद्धास्थान. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद १९६३ ते १९७५ इतका दीर्घकाळ सांभाळणारे वसंतराव नाईक पुसद भागातले. डोंगराच्या कडेला, गावापासून थोडे अंतर राखून वसलेले तांडे ही या भागाची ओळख आहे.

बंजारे इथे शेतकरी म्हणून आले नाहीत. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते दख्खनभर फिरत. मोगल फौजांना रसद त्यांनी पुरवली, १८०३ च्या मोहिमेत इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या सैन्याचीही भिस्त त्यांच्याच बैलांवर होती. निजामाच्या राज्यात हिंगोलीलाही फौजेची, हैदराबाद कंटिंजंटची, छावणी होती. पुढे रस्ते झाले, रेल्वे आली आणि बंजाऱ्यांचा व्यापार बसला. धंदा गेलेल्या, घर नसलेल्या या माणसांकडे सरकारी यंत्रणा संशयाने पाहू लागली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या धर्तीवरच्या बंदोबस्ताने देशात अनेक भटक्या समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यात बंजारेही होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द तिथून आला.

लेंगीच्या इतिहासात हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण बंजारा जीवनाची पहिली छापील टिपणे ज्यांनी केली ते संगीताचे जाणकार नव्हते. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या लष्करी अधिकाऱ्याचा बंजाऱ्यांवरचा लेख १८१९ मध्ये छापला गेला. एन. आर. कंबरलेज यांची पुस्तिका १८८२ ची, ते वाशीमला जिल्हा पोलीस अधीक्षक होते. रसेल आणि हिरालाल यांच्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथाने कंबरलेजचाच मोठा आधार घेतला. विवाह, पंचायत, जादूटोणा, चोरी यांवर या लेखनात पुष्कळ मजकूर आहे. पण गाण्याची चाल कागदावर उतरत नाही आणि पोलिसाच्या वहीत तर ती मुळीच उतरत नाही. ज्यांची गाणी रात्रभर चालत, त्यांच्याविषयी शंभर वर्षे लिहिले गेले ते गाणे बाजूला ठेवून.

स्वातंत्र्यानंतर दुसरी अडचण उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेले, गुलबर्गा-बिदर-रायचूर म्हैसूरला जोडले गेले. एका राज्यातले तांडे तीन राज्यांत विभागले गेले. आज हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. बोली मात्र एकच, गोरबोली. तिला स्वतःची लिपी नाही. हिंगोलीतला मुलगा ती देवनागरीत लिहितो, निजामाबादचा तेलुगूत, विजापूरचा कन्नडमध्ये. म्हणजे छापील लेंगीसंग्रह निघाला तरी तो राज्याची सीमा ओलांडू शकत नाही. नावेही बदलतात: इकडे बंजारा किंवा लमाण, तिकडे लंबाडा, लंबाणी, आणि समाजाच्या स्वतःच्या तोंडी गोर, गोरमाटी. जनगणनेतही ही बोली हिंदीच्या पोटात दोन वेगळ्या नावांनी मोजली जाते. २०११ मध्ये 'लमाणी/लंबाडी'खाली ३२ लाखांहून अधिक आणि 'बंजारी'खाली १५ लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे. चित्रफितीने लेंगीला नेमके काय दिले, हे या पार्श्वभूमीवरच कळते. शाई जिथे अडत होती तिथून आवाज आणि पाऊल पुढे गेले.

त्याआधी लेंगी रंगमंचावर चढली. दिल्लीत प्रजासत्ताक दिनानिमित्त लोकनृत्य महोत्सव १९५३ पासून सुरू झाला आणि देशभर लोकनृत्याचा एक साचा ठरत गेला: ठरावीक वेळ, एकसारखा वेश, प्रेक्षकांकडे तोंड. नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासूनचे. हिंगोलीची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकनृत्याला दहा मिनिटांच्या आसपासची मर्यादा असते. रात्रभराचा फेर दहा मिनिटांत बसवताना सवाल-जबाब कमी झाले, एकच ओळ घोळवण्याची सवय गेली, गती वाढली. तरीही या मंचाने एक मोठे काम केले. ज्या पोशाखाला आणि बोलीला शाळेत हसले जात होते, ती घेऊन मुले-मुली टाळ्या मिळवून परत आली.

विसावे शतक संपता संपता कॅसेट आणि मागोमाग व्हीसीडी आली. लग्नाचे शूटिंग करणारा कॅमेरावाला होळीलाही बोलावला जाऊ लागला. बंजारा गाण्यांच्या तबकड्या बाजाराच्या दिवशी आणि बसस्थानकाजवळच्या दुकानांत मिळत. पुढे तीच गाणी मोबाइलच्या मेमरी कार्डात भरून दिली जाऊ लागली. या व्यवहारात गायकाला कमाई थोडी होती, पण तेलंगणातले गाणे मराठवाड्यात ऐकले जाण्याची सुरुवात इथेच झाली.

यूट्यूबवरची पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ ची. भारतासाठीचे पान २००८ मध्ये आले. तांड्यावर ते पोचायला मात्र स्वस्त डेटा यावा लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत चित्र पालटले. होळीच्या दुसऱ्या दिवशी तांड्याचा फेर यूट्यूबवर दिसू लागला. टिकटॉकवर लेंगीचे तुकडे फिरले. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तिथला साठा एका रात्रीत दिसेनासा झाला. मंडळी रील्स आणि शॉर्ट्सकडे वळली, पण जी फीत कुणी वेगळी जपून ठेवली नव्हती ती परत मिळणे कठीण झाले.

या चित्रफितींचा एक प्रेक्षक असा आहे, ज्याचा विचार क्वचितच होतो. हिंगोलीतल्या तांड्यांवरून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गळीत हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि होळी नेमकी त्यात येते. कोयता सोडून परतणे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीमुळे शक्य नसते. फडाशेजारच्या कोप्यांवरही डफ वाजतो, पण आपल्या तांड्याची होळी, आपल्या पुतण्याचा धुंड त्यांना फोनवरच पाहायला मिळतो. जाहिरात किंवा प्रसार हे शब्द इथे तोकडे पडतात. अशा घरासाठी ती चित्रफीत म्हणजे सणातला वाटा असतो.

कॅमेऱ्याने लेंगीचे रूपही बदलले. फेराचे तोंड आत असते. बाहेर उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्याला पाठीच दिसतात. म्हणून चित्रणासाठी फेर उघडतो, अर्धा होतो, शेवटी सरळ रांग होते. रात्रीच्या जाळाच्या उजेडात फोनला नीट दिसत नाही, म्हणून नृत्य दिवसा आले. डफांचा आवाज फोनचा माइक फाडून टाकतो, त्यामुळे गाणे आधी स्टुडिओत कीबोर्ड आणि पॅडवर ध्वनिमुद्रित होते आणि नाचणारे त्यावर फक्त ओठ हलवतात. या बदलांतला शेवटचा सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे. लेंगीत नाचणारा आणि गाणारा एकच असतो. श्वास तुटला की पाऊल थांबते, त्यावरून कुठे ओळ फिरवायची ते ठरते. ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचणाऱ्या पोराला तो मेळ शिकायलाच मिळत नाही.

मिळकतीची बाजूही पाहायला हवी. ओठ हलवण्यापुरते गाणे बनवताना घेतलेली चाल पूर्वजांची असते, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीच्या नावे नोंदला जातो. यूट्यूबची स्वयंचलित जुळणी आवाज ओळखते, परंपरा ओळखत नाही.

पोशाखाची गोष्ट उलट दिशेने गेली. आरसे, कवड्या आणि नाणी लावलेली फेटिया-कांचळी (घागरा-चोळी), डोक्यावरची छांटिया, दंडापर्यंत भरलेल्या बलिया हे सगळे वजनदार, उन्हात कामाला अवघड. तरुण बायकांनी ते सोडून साडी धरली होती आणि आजीचा जोड पेटीत गेला होता. चित्रफितींमुळे तो पुन्हा बाहेर आला. शिवून मिळणारे हलके पोशाख बाजारात आले, लग्नात आणि तीजेला ते घालण्याची हौस वाढली. श्रावणात टोपलीत गहू पेरून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुलींची तीज ही तशी तांड्याच्या अंगणातली, बायकांची गोष्ट. आता तिचीही चित्रणे दरवर्षी फिरतात आणि जिथे तीज थांबली होती अशा वस्त्यांवर ती पाहून पुन्हा सुरू करता येते.

जगातही लोकनृत्य असेच यंत्रांच्या पाठीवर बसून फिरले आहे. सॅन फ्रान्सिस्कोत साँग चँग यांनी १९३८ मध्ये आंतरराष्ट्रीय लोकनृत्याचा गट सुरू केला. बाल्कन देशांतल्या फेराची नृत्ये अमेरिकेतली माणसे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर शिकली, पुढे व्हिडिओ कॅसेटवर आणि आता इंटरनेटवर शिकतात. तिथे शिकवणारा पावले सुटी करून दाखवतो, नृत्य कोणत्या गावचे ते सांगतो. लेंगीच्या बहुतेक चित्रफितींत हेच नसते. शीर्षकात 'बंजारा होळी डान्स' असते, पण तांडा, तालुका, वर्ष, ओळ धरणाऱ्याचे नाव, लेंगीचा विषय यांतले काही नसते. 'लंबाडी' म्हणून शोधणाऱ्याला 'बंजारा' सापडत नाही आणि 'गोर' लिहिणाऱ्याला दोन्ही सुटतात.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगारा वाजवून तो प्रसंग साजरा झाला. समाजाच्या इतिहासाला सरकारी छप्पर मिळाले, हे मोलाचे आहे. लेंगीचा मोठा साठा मात्र अजूनही हजारो फोनमध्ये विखुरलेला आहे आणि फोन बदलला की तो जातो.

येत्या होळीला तांड्यावर फोन बाहेर निघणारच आहेत. त्यांतला एक फेराच्या मधोमध ठेवावा, एखाद्या म्हाताऱ्या गेरियाची एक लेंगी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, न कापता, डफासकट घ्यावी आणि तिच्याखाली त्याचे व तांड्याचे नाव आणि वर्ष लिहावे.