बोटांनी पारखलेले जहाज

लाकूड गुळगुळीत करण्यासाठी मराठीत दोन क्रियापदे आहेत: घासणे आणि घोटणे. घासल्याने वरचे काही निघून जाते. घोटण्यात मात्र तोच हात पुन्हापुन्हा फिरवून एखादी गोष्ट पक्की करण्याचाही अर्थ आहे. मास्तर मुलांकडून पाढे घोटून घेत. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत लाकडी जहाजाच्या छोट्या नमुन्यावर पॉलिश पेपर फिरे, त्या कामाला हे दुसरे क्रियापद शोभते. आज असा नमुना तयार जहाजाची आठवण म्हणून दिवाणखान्यात ठेवतात. तेव्हा आधी नमुना घोटला जाई आणि मग त्यावरून जहाज बांधले जाई.

न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे अनेक कारागीर कागदावर आराखडा काढण्याऐवजी लाकडात अर्धे जहाज कोरत. दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून अर्धे पुरे. पातळ फळ्या एकावर एक रचून, खुंट्यांनी जखडून ठोकळा करायचा. रंधा आणि पटाशीने त्याला आकार द्यायचा. तो मनासारखा उतरला की खुंट्या काढून फळ्या सुट्या करायच्या. प्रत्येक फळीची कड म्हणजे त्या उंचीवरची जहाजाची रेषा. तिची मापे घेऊन प्रशस्त माळ्याच्या जमिनीवर ती पूर्ण आकारात आखली जाई. या सुट्या फळ्यांच्या नमुन्याचे श्रेय न्यूबरीपोर्टच्या ऑर्लंडो मेरिलला देतात. काळ १७९०च्या दशकातला.

कोरणे आणि मापे घेणे यांच्यामधली पायरी घोटण्याची. पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८ हे प्रमाण धरले, तर नमुन्यावरचा अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा जहाजावर २४ मिलिमीटरचा होतो. माळ्यावर लवचीक पट्टी लावून असे दोष काढता येत. पण पुढचे टोक किती निमुळते, पोट कुठे सर्वांत रुंद, मागे पाणी कसे सुटणार, हे नमुन्यावरच ठरलेले असे.

पॉलिश पेपर नुसत्या बोटांखाली धरला तर तो लाकडाच्या मऊ भागात खोल जातो आणि नवे खळगे पाडतो. लवचीक पट्टीला गुंडाळून लांबीच्या दिशेने फिरवला तर आधी फक्त उंचवटे कापले जातात. काही कारागीर फिक्या आणि गडद लाकडाच्या फळ्या आलटून पालटून लावत. पृष्ठभाग कुठे बिघडला, तर तिथली सांध्याची रेषा वाकडी दिसे. तरीही डोळा लाकडाच्या रंगाने आणि रेषांनी फसतो. शेवटची परीक्षा तळहाताची.

या परीक्षेवर एका माणसाचा सारा व्यवसाय उभा होता. ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावच्या जॉन ब्राउन हेरेशॉफची दृष्टी पंधराव्या वर्षाच्या सुमारास गेली. तरीही तो नौका बांधणारा झाला. अर्ध्या नमुन्यावरून हात फिरवून तो आकार पारखत असे. १८७८ साली त्याने धाकटा भाऊ नॅथनिएल याच्याबरोबर कंपनी काढली. नॅथनिएल शिकलेला अभियंता होता, तरी आकार ठरवताना तोही नमुनाच कोरी. त्याच्या नमुन्याच्या फळ्या सुट्या होत नसत. लाकडावरून थेट मापे घेण्यासाठी त्याने एक उपकरण केले होते. १८९३ ते १९२० या काळात त्याच्या पाच नौकांनी अमेरिकाज कप सहा वेळा राखला.

नॅथनिएलच्या मापांच्या वह्या आकड्यांत आहेत. त्यावरून आजही नौका बांधता येईल. अनुवादक म्हणून मला त्या वह्यांविषयी आदर आहे, कारण एका माध्यमातला आकार दुसऱ्यात नेण्याचे काम त्या चोख करतात. पण आकडे लिहिण्याआधी ‘आता पुरे’ असे एका हाताला वाटले होते. जॉनच्या हाताला नेमके काय लागले म्हणजे त्याचे समाधान होई, ते टिपायला मात्र कुठली लिपी नव्हती. हेरेशॉफ बंधूंचे नमुने आता ब्रिस्टलच्या संग्रहालयात आहेत. आपण ते डोळ्यांनी पाहतो.