वर्ध्यातील समाजशास्त्रांचे शिक्षण

वर्धा जिल्ह्यात समाजाच्या अभ्यासाचा पाया पदवी वर्गांच्या आधी शाळेत आणि खेड्यांच्या पाहणीत घातला गेला. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्यात मगनवाडी येथे होते. तेथे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामीण अर्थव्यवस्थेचा अभ्यास प्रत्यक्ष कामाशी जोडला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाचा अभ्यासक्रम आखला. त्यात इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र एकत्र करून ‘सामाजिक अभ्यास’ हा विषय ठेवला. ‘नई तालीम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शिक्षणपद्धतीत सेवाग्रामला सूतकताई, शेती आणि सफाई यांतूनच मुले समाजव्यवहार शिकू लागली.

१९४० मध्ये शिक्षा मंडळ या संस्थेने वर्ध्यात गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. त्याचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४४ मध्ये गांधीवादी आर्थिक योजना मांडली. पुढे जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न राहिली. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास हे बी.ए.चे नेहमीचे विषय झाले. १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ स्थापन झाल्यावर मानवशास्त्र, समाजकार्य आणि शांतता अभ्यासही वर्ध्यात आले.