बातमी आणि पाणी : गोहना १८९४, केदारनाथ २०१३



हैदराबादेत पुराविषयी बोलायचे म्हणजे मुसीचे नाव प्रथम घ्यावे लागते. २८ सप्टेंबर १९०८ ची आठवण या शहरातील जुन्या घरांतून अजून सांगितली जाते, आणि ज्या चिंचेने दीडशे माणसांना फांद्यांवर तोलून धरले तिच्याकडे बोट दाखविल्याशिवाय आपण पाहुण्याला उस्मानिया इस्पितळाजवळून पुढे जाऊ देत नाही. परंतु मुसी ही केवळ पावसावर जगणारी नदी आहे. हिमालयातील नद्यांना पाणी दोन ठिकाणांहून मिळते : एक आकाशातून पडणारे, दुसरे शिखरांवर साचून राहिलेले. ही दोन्ही पाणी एकाच दिवशी खाली उतरली म्हणजे काय होते, आणि त्याची बातमी खालच्या गावाला पोचली वा न पोचली तर काय होते, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मी मराठीचा अध्यापक. साहजिकच माझे पहिले भांडण एका शब्दाशी आहे. जून २०१३ मध्ये केदारनाथला जे घडले त्याला आपल्या वृत्तपत्रांनी ‘ढगफुटी’ म्हटले. शब्द चित्रमय आहे, पण तो सगळा दोष आकाशावर टाकून मोकळा होतो. हवामानशास्त्रात एका लहान टापूवर तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस कोसळला तर त्याला ढगफुटी म्हणतात. केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदीपाशी, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, देहरादूनच्या वाडिया संस्थेचे पर्जन्यमापक होते. त्यात १५ जूनच्या सायंकाळी पाचपासून १६ जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे ढग फुटला नाही; तो दिवसभर, रात्रभर गळत राहिला.

त्या वर्षी मोसमी पाऊस फार लवकर पोचला. एरवी जो जुलैच्या मध्यापर्यंत सारा देश व्यापतो, त्याने १६ जूनलाच तो व्यापला. उंचावर हिवाळ्याचा बर्फ अजून शिल्लक होता. अशा बर्फावर पाऊस पडला म्हणजे तो त्यात नुसता जिरत नाही. पावसासोबत आलेल्या उबदार, ओलसर हवेतील बाष्प बर्फावर निवते, त्याची उष्णता बर्फाला मिळते आणि तो झपाट्याने वितळतो. एरवी महिनाभर थेंबाथेंबाने उतरणारे पाणी तासांत उतरते. केदारनाथच्या वर दोनेक किलोमीटरवर चोराबारी ताल होता. १९४८ मध्ये महात्माजींच्या रक्षेचा काही अंश तेथे विसर्जित झाला, म्हणून त्याला गांधी सरोवरही म्हणत. हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीचा बांध हाच त्याचा काठ. वरून पाणी वाहून जाण्यास वाट नव्हती. ते तळातून झिरपत असे. पाऊस आणि बर्फ यांचे पाणी मिळून ताल भरला.

१६ जूनला सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास पहिला लोंढा आला. त्याने गावाचा वरचा भाग, शंकराचार्यांच्या समाधीसह, नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला तालाचा बांध फुटला आणि पाच ते दहा मिनिटांत सगळे पाणी रिकामे झाले. मंदिरामागे एक प्रचंड शिळा अडकली आणि मंदिर वाचले. खालचे रामबाडा नकाशावरून पुसले गेले. पाच हजार सातशेंहून अधिक बेपत्ता माणसे मृत मानावीत, असे राज्य शासनाने जुलैत जाहीर केले.

आता एकशेवीस वर्षे मागे जाऊ. प्रदेश तोच, गढवाल. सप्टेंबर १८९३ मध्ये अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही गंगेच्या खोऱ्यात गोहना गावाजवळ अख्खा डोंगर खचला. नऊशे फुटांच्या आसपास उंचीचा बांध आपोआप तयार झाला आणि त्यामागे पाणी साचू लागले. लेफ्टनंट कर्नल पुलफर्ड या अभियंत्याने हिशेब मांडला की, बांध लगेच फुटणार नाही. पुढल्या ऑगस्टात तलाव भरेल आणि पाणी वरून वाहू लागेल. हा हिशेब मला त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्यावर भिस्त ठेवून गोहन्यापासून हरिद्वारपर्यंत तारायंत्राची तार ओढली गेली. लेफ्टनंट क्रुकशँक तलावापाशी मुक्कामास राहिला. नदीच्या दोन्ही उतारांवर दगडी खुणा बांधल्या गेल्या : पाणी येथवर येईल, माणसाने हिच्या वर राहावे. झुलते पूल उतरवले गेले, यात्रेकरूंचा मार्ग बदलला.

२५ ऑगस्ट १८९४ ला सकाळी पाणी बांधावरून वाहू लागले आणि मध्यरात्रीच्या सुमारास बांध तुटला. जुने श्रीनगर, गढवालच्या राजांच्या वाड्यासह, वाहून गेले. माणसे दगावली पाच. एक फकीर आणि त्याचे कुटुंब. त्यांना बळाने हलविले होते. ते परत गेले.

इंग्रज सरकारच्या अंतःकरणाची स्तुती करण्याचा माझा हेतू नाही. खाली हरिद्वारला गंगेच्या कालव्याचे मुख होते आणि कालवा म्हणजे महसूल. शिवाय तुलना अन्यायाची आहे हेही मान्य केले पाहिजे. गोहन्याने अकरा महिने दिले, चोराबारीने मिनिटे. पण पहिल्या आणि दुसऱ्या लोंढ्यामध्ये साडेतेरा तास होते. हवामान खात्याने जोराच्या पावसाचा इशाराही दिला होता. वर पर्जन्यमापक पाऊस मोजत होते, मात्र ते संशोधनासाठी होते. त्याच्यापासून खाली कोणाच्या हातात कसलीही तार जात नव्हती.

गोहन्याचा उरलासुरला तलाव पुढे शहात्तर वर्षे टिकला. २० जुलै १९७० च्या अलकनंदेच्या पुरात तो दगडमातीने भरून गेला. त्या पुराचा आणि वरच्या जंगलतोडीचा संबंध चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला. चिपको आंदोलनाच्या मुळाशी ती ओळख आहे. आणि १९७४ मध्ये त्या आंदोलनात ज्या रैणी गावच्या बायांनी झाडे वाचविली, त्याच गावाखालून ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगेचा लोंढा गेला. त्या दिवशी पाऊस नव्हता. खडक आणि बर्फ यांचा कडा कोसळला होता. खाली बोगद्यात काम करणाऱ्या मजुरांना कोणी कळविले नाही.

केदारनाथचा एक धागा या शहराशी जोडलेला आहे. २०१३ नंतर तेथे मिळालेल्या अनोळखी मृतदेहांचे डीएनए नमुने तपासणीसाठी आपल्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठविण्यात आले. देशभरातील नातेवाइकांनीही आपले रक्त दिले. फारच थोड्या नमुन्यांची जुळणी झाली.