शुल्क, जागा आणि निवारा : उच्च शिक्षणातील समतेचा तीन देशांतील अनुभव

उच्च शिक्षणातील समतेचा प्रश्न प्रथमदर्शनी पैशाचा वाटतो. शासनाने खर्च उचलला की गुणवान पण निर्धन विद्यार्थ्याची वाट मोकळी होते, अशी समजूत अनेक राष्ट्रांनी बाळगली. इतिहासाची साक्ष मात्र इतकी सरळ नाही.

अमेरिकेने १९४४ साली दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांसाठी कायदा करून शिक्षणशुल्क व निर्वाहभत्ता दोन्ही देऊ केले. सुमारे २२ लाख माजी सैनिक त्यायोगे महाविद्यालयांत गेले. कायद्याच्या शब्दांत वर्णभेद नव्हता; परंतु दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती आणि त्यांच्यासाठी असलेल्या मोजक्या महाविद्यालयांत जागा अपुऱ्या होत्या. पैसा मंजूर होता; प्रवेश नव्हता.

ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये विद्यापीठीय शुल्कच रद्द केले. तथापि पुढील दीड दशकात विद्यार्थिवर्गाची सामाजिक घडण फारशी पालटली नाही. कारण गरिबांची अनेक मुले शालेय शिक्षण पुरे होण्याआधीच मागे पडत. १९८९ मध्ये तेथे नवी योजना आली : विद्यार्थ्याच्या वाट्याचा खर्च शासनाने आधी भरावा आणि पुढे त्याची मिळकत ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर तो प्राप्तिकराबरोबर वसूल करावा. कर्जाची धास्ती यामुळे कमी झाली, परंतु शाळेतील गळती या योजनेच्या आवाक्याबाहेरच राहिली.

भारताने पैसा आणि जागा या दोहोंचा विचार केला. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने शिक्षणातील राखीव जागांना आधार दिला. तिसरी गरज कोणती, हे आपल्या बडोद्याचाच इतिहास सांगतो. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये परतून ते करारानुसार संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास घर मिळेना. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर पडावे लागले. राज्याच्या तिजोरीने जे दिले, ते समाजाने उंबरठ्यावर अडविले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांवर एवढा भर का दिला, याचे मर्म येथे उमगते.

म्हणून कोणत्याही राष्ट्राचे धोरण केवळ तरतुदीच्या आकड्यावरून जोखू नये. शाळा, जागा आणि निवारा यांपैकी कोठे विद्यार्थ्याची वाट अडते, हे आधी पाहावे. यांतील पहिला टप्पा शाळांच्याच हाती आहे, हे आपण शिक्षकांनी आणि पालकांनी विसरता कामा नये.