क्षय-प्रतिमा, ख्रिस्ती धर्मग्रंथांतील

देह, अन्न, वस्त्र, लाकूड, धातू इत्यादींचे कुजणे, सडणे, झिजणे किंवा गंजणे यांच्या आधारे मानवाची मर्त्यता आणि त्याची नैतिक अधोगती यांचे वर्णन करणाऱ्या बायबलमधील प्रतिमा. येथे ‘क्षय’ हा शब्द रोगवाचक नसून ऱ्हासवाचक आहे. या प्रतिमांचे वैशिष्ट्य असे, की मूळ हिब्रू व ग्रीक भाषांत शारीरिक नाश आणि नैतिक बिघाड या दोहोंसाठी पुष्कळदा एकच शब्द येतो. त्यामुळे एका अर्थावरून दुसऱ्या अर्थाकडे जाणे तेथे सहज घडते. ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात या दुहेरी अर्थातून मृत्यू, पाप व पुनरुत्थान यांविषयीचे महत्त्वाचे सिद्धांत निर्माण झाले. तसेच आजारी देहालाच पापी मानण्याची अनिष्ट प्रवृत्तीही त्यातूनच बळावली.

भौतिक पार्श्वभूमी : प्राचीन पॅलेस्टाइनच्या उष्ण हवेत मृतदेह शक्य तो त्याच दिवशी पुरण्याची रीत होती. मृतदेहाला मसाले भरून तो टिकविण्याची ईजिप्तमधील पद्धत इझ्राएली लोकांत रूढ नव्हती. याकोब व योसेफ यांच्या देहांवर असा संस्कार झाल्याचा उल्लेख ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या शेवटी येतो. पण ते दोघेही ईजिप्तमध्येच मरण पावले होते. जेरूसलेमच्या परिसरात इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ. स. ७० मधील नगराच्या विध्वंसापर्यंत एक विशेष प्रथा प्रचलित होती. खडकात कोरलेल्या थडग्यात मृतदेह ठेवीत आणि सु. एक वर्षाने, मांस नष्ट झाल्यावर, अस्थी गोळा करून चुनखडीच्या दगडी पेटीत भरीत. अशा पेट्या उत्खननांत मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. म्हणजे देहाचे कुजणे ही त्या समाजाला माहीत असलेली, कालमर्यादा ठरलेली अशी कौटुंबिक घटना होती. लाजर याच्या मृत्यूनंतर चौथ्या दिवशी थडग्यावरील धोंड काढण्याची वेळ आली, तेव्हा त्याच्या बहिणीने दुर्गंधीची शंका बोलून दाखविली (योहान ११:३९), ती या नित्य अनुभवातूनच. लोकरी वस्त्रांना लागणारी कसर, धान्यातील किडे आणि धातूवरील गंज ही साठवणुकीवर जगणाऱ्या कुटुंबांची नेहमीची चिंता होती. बायबलमधील क्षय-प्रतिमा अशा घरगुती अनुभवांतून घडल्या आहेत.

जुना करार : नाश करणे, बिघडवणे या अर्थाचा ‘श-ह-त’ हा हिब्रू धातू या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जलप्रलयाच्या कथेत पृथ्वी मानवाच्या हिंसेमुळे बिघडली होती असे सांगताना हाच धातू योजिला आहे आणि देव तिचा नाश करणार हे सांगतानाही तोच येतो (उत्पत्ती ६:११–१३). अपराध आणि शिक्षा यांचे क्रियापद एकच असल्यामुळे शिक्षा ही बाहेरून लादलेली नसून बिघाडाचीच परिणती आहे, असे सूचित होते. सोन्याच्या वासराची पूजा करणाऱ्या लोकांविषयीही हेच क्रियापद येते (निर्गम ३२:७).

यिर्मया या संदेष्ट्याच्या (इ. स. पू. सातव्या शतकाचा उत्तरार्ध व सहाव्या शतकाचा प्रारंभ) एका प्रतीकात्मक कृतीत दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. त्याने तागाच्या वस्त्राचा नवा कमरबंद खडकाच्या फटीत दडवून ठेवला. बऱ्याच दिवसांनी तो काढला, तेव्हा तो कुजून निरुपयोगी झाला होता. यहूदाचा व जेरूसलेमचा गर्वही असाच नष्ट केला जाईल, असा तिचा अर्थ सांगितला आहे (यिर्मया १३:१–११). कमरबंद कमरेला घट्ट बिलगलेला असतो, तसे हे लोक देवाला बिलगून राहावेत अशी अपेक्षा होती. ज्यासाठी वस्तू निर्माण झाली, त्या संबंधापासून ती तुटली म्हणजे ती कुजते, हा या कथेचा आशय आहे.

निर्गमकाळातील मान्नाची कथाही याच प्रकारची आहे. रानात मिळणारे हे अन्न त्या दिवसापुरतेच घ्यावयाचे होते. काहींनी ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवले, तेव्हा त्यात किडे पडून दुर्गंधी सुटली. शब्बाथासाठी राखून ठेवलेले अन्न मात्र खराब झाले नाही (निर्गम १६:१९–२४). येथे कुजण्याचे कारण अन्नात नसून अविश्वासातून केलेल्या साठ्यात आहे.

होशेय याच्या ग्रंथात देव स्वतःलाच एफ्राइमसाठी कसरीची व यहूदासाठी सडण्याची उपमा देतो (५:१२). युद्ध किंवा भूकंप यांसारखा आकस्मिक आघात नव्हे, तर आतून हळूहळू पोखरणारी प्रक्रिया म्हणजे न्यायदंड, ही कल्पना त्यात आहे. यशयाच्या पहिल्याच अध्यायात राष्ट्राचे वर्णन नखशिखांत जखमांनी भरलेल्या, उपचार न झालेल्या देहासारखे केले आहे. नीतिसूत्रांत मत्सराला हाडांच्या सडण्याची उपमा दिली आहे (१४:३०). या सर्वांहून ‘ईयोब’ या ग्रंथाचा सूर वेगळा आहे. असह्य व्याधीने ग्रासलेला ईयोब कबरेला पिता व किड्यांना माता आणि बहीण म्हणून संबोधतो (१७:१४). त्याच्या मित्रांना त्याचा व्याधिग्रस्त देह म्हणजे गुप्त पापाचा पुरावा वाटतो. ग्रंथाच्या अखेरीस देव या मित्रांनाच दोषी ठरवितो.

ग्रीक भाषांतर : इ. स. पू. तिसऱ्या–दुसऱ्या शतकांत हिब्रू धर्मग्रंथांचे ‘सेप्ट्युअजिंट’ हे ग्रीक भाषांतर तयार झाले. सोळाव्या स्तोत्रात भक्ताला ‘शाहत’ पाहू दिले जाणार नाही अशी श्रद्धा व्यक्त झाली आहे. ‘शाहत’ या नामाचा प्रचलित अर्थ ‘खड्डा’, म्हणजेच कबर. भाषांतरकारांनी मात्र त्याचा संबंध नाशवाचक धातूशी जोडून ‘दिआफ्थोरा’, म्हणजे कुजणे, असा शब्द वापरला. अकाली मृत्यूपासून रक्षणाची आशा त्यामुळे देह न कुजण्याच्या आशेत रूपांतरित झाली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पेत्र व पौल या दोघांच्याही भाषणांत याच शब्दावर युक्तिवाद उभारला आहे : दावीद मरण पावला व त्याचा देह कुजला, म्हणून ते वचन त्याच्याविषयी नसून पुनरुत्थित येशूविषयी असले पाहिजे (२:२५–३१, १३:३४–३७). एका शब्दाच्या भाषांतराने धर्मसिद्धांताला दिशा दिल्याचे हे ठळक उदाहरण होय.

नवा करार : येशूच्या उपदेशात क्षयाच्या प्रतिमा प्रामुख्याने संपत्ती व ढोंग यांविरुद्ध येतात. पृथ्वीवरील संचय कसर व गंज खाऊन टाकतात, या वचनात (मत्तय ६:१९–२०) ‘गंज’ असे भाषांतर होणाऱ्या ‘ब्रोसिस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘खाणे’ असा आहे. याकोबाच्या पत्रात हीच प्रतिमा अधिक प्रखर झाली आहे. शेतमजुरांची मजुरी बुडविणाऱ्या श्रीमंतांचे धन कुजले आहे, त्यांच्या वस्त्रांना कसर लागली आहे आणि सोन्यारुप्यावरील गंज त्यांच्याविरुद्ध साक्ष देईल, असे तेथे म्हटले आहे (५:१–४). सोने गंजत नाही हे लेखकाला ठाऊक असणारच. न वापरता दडवून ठेवलेल्या व अन्यायाने मिळविलेल्या धनाच्या बाबतीत निसर्गनियमही उलटतो, असे त्याला म्हणावयाचे आहे. वरून चुना लावलेल्या, पण आत अस्थी व अशुद्धता असलेल्या कबरांची उपमा येशूने शास्त्री व परूशी यांना दिली (मत्तय २३:२७).

‘साप्रोस’ या ग्रीक विशेषणाचा मूळ अर्थ ‘कुजलेला’ असा आहे. ते वाईट झाडाला (मत्तय ७:१७), जाळ्यातील टाकाऊ माशांना (१३:४८) आणि अभद्र भाषणालाही (इफिसकरांस ४:२९) लावले आहे. नुकतेच पकडलेले मासे कुजलेले असणे शक्य नाही. म्हणजे ‘कुजलेला’ या शब्दाला ‘निरुपयोगी’ असा व्यापक अर्थ तत्पूर्वीच प्राप्त झालेला होता.

या प्रतिमेला तात्त्विक रूप दिले ते पौलाने. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात कुसंगतीने शील बिघडते या आशयाची एक ग्रीक लोकोक्ती येते. ती मिनँडर या नाटककाराची मानली जाते. तीत वापरलेल्या क्रियापदाच्याच कुळातील ‘फ्थोरा’ (नाश) हा शब्द पुढे त्याच अध्यायात देहाविषयी येतो. देह नाशवंत स्थितीत ‘पेरला’ जातो आणि अविनाशी स्थितीत उठविला जातो, असे पौल म्हणतो. बीजाच्या या दृष्टांतामुळे मातीत नाहीसे होणे हा केवळ शेवट राहत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तर मानवच नव्हे, अवघी सृष्टी नाशाच्या दास्यातून मुक्त होण्याची वाट पाहत आहे, असे म्हटले आहे (८:२१).

ख्रिस्ती विचारातील विकास : देह नाशवंत आहे, म्हणून जडसृष्टीच मुळात वाईट आहे, असा निष्कर्ष ज्ञेयवादी पंथांनी काढला. मांस व रक्त यांना देवाच्या राज्याचा वारसा मिळू शकत नाही, हे पौलाचे विधान (१ करिंथकरांस १५:५०) ते आधारासाठी पुढे करीत. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इरीनेअसने त्याचे खंडन केले. चौथ्या शतकात ॲथानेशियसने (सु. २९६–३७३) ईश्वराच्या देहधारणेचे प्रयोजन सांगताना ‘फ्थोरा’ हीच कल्पना मध्यवर्ती मानली. शून्यातून निर्माण झालेला मानव देवापासून दूर गेल्याने पुन्हा शून्याकडे घसरू लागला. ही घसरण थांबविण्यासाठी शब्दाने देह धारण केला, असे त्याचे प्रतिपादन आहे.

ऑगस्टीन (३५४–४३०) तरुणपणी सु. नऊ वर्षे माणी पंथाचा अनुयायी होता. तो पंथ वाईटाला स्वतंत्र द्रव्य मानीत असे. ऑगस्टीनने क्षयाच्या प्रतिमेच्याच साहाय्याने ते मत खोडून काढले. जे बिघडू शकते ते मुळात चांगले असलेच पाहिजे. त्यातील चांगुलपणा पूर्णतः नष्ट झाला, तर ती वस्तूच उरणार नाही. म्हणून वाईट हे द्रव्य नसून चांगल्याची हानी होय. पाश्चात्त्य नीतिविचारावर या युक्तिवादाचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. सहाव्या शतकात, ख्रिस्ताचा देह पुनरुत्थानापूर्वीही अविनाशी होता काय, या प्रश्नावर हॅलिकार्नेससचा ज्यूलियन व अँटिऑकचा सिव्हीरस यांच्यात तीव्र वाद झाला. सम्राट जस्टिनियन (कार. ५२७–६५) आयुष्याच्या अखेरीस ज्यूलियनच्या मताकडे झुकला होता.

मध्ययुगात या विचाराची दोन परस्परविरोधी दृश्यरूपे आढळतात. एकीकडे, काही संतांचे देह न कुजणे हे पावित्र्याचे चिन्ह मानले जाई. दुसरीकडे, उत्तर मध्ययुगात उच्चपदस्थांच्या थडग्यांवर त्यांचे सडणारे किंवा वाळलेले शव कोरण्याची प्रथा पडली. आव्हिन्याँ येथील कार्डिनल झां द ला ग्रांज (मृ. १४०२) याचे स्मारक हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. पहिल्या रूपाचे भारतातील उदाहरण गोव्यात आहे. सेंट फ्रान्सिस झेव्हिअर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर मरण पावले. मांस लवकर नष्ट होऊन अस्थी नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना घातला होता. तथापि १५५३ च्या प्रारंभी पेटी उघडली, तेव्हा देह कुजलेला आढळला नाही. तो मलाक्कामार्गे मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणला गेला. जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकात तो जतन केलेला असून साधारणतः दर दहा वर्षांनी दर्शनासाठी ठेवला जातो; २०२४–२५ मध्ये असे दर्शन झाले. तथापि केवळ देह टिकून राहणे हा संतत्वाचा निर्णायक पुरावा मानला जात नाही.

रोग आणि पाप : क्षय-प्रतिमेचा सर्वांत घातक परिणाम कुष्ठरुग्णांना भोगावा लागला. लेवीय ग्रंथाच्या १३ व १४ व्या अध्यायांत ‘त्साराअथ’ नावाच्या विकाराचे नियम आहेत. हा विकार कातडीप्रमाणेच कापडाला व घराच्या भिंतींनाही होतो, असे तेथे म्हटले आहे. त्यावरून बुरशीसारख्या प्रकारांचाही त्यात समावेश होता हे उघड आहे. हा शब्द आजच्या कुष्ठरोगाचा वाचक नाही. ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘लेप्रा’, म्हणजे त्वचेवर खवले धरणारा विकार, हा शब्द आला. तोच लॅटिनमध्ये उतरला आणि पुढे एका निश्चित रोगाचे नाव बनला. मिर्याम, गेहजी व उज्जीया यांना हा विकार शिक्षा म्हणून झाल्याच्या कथांमुळे रोग म्हणजे पापाचे दृश्य रूप, हा समज दृढ झाला. तिसऱ्या लॅटरन परिषदेने (११७९) कुष्ठरुग्णांसाठी स्वतंत्र चर्च व दफनभूमी यांची तरतूद केली. त्यांच्या समाजबाह्य जीवनाचीच ती निदर्शक होती. मराठी भाषांतरांतही ‘महारोग’ व ‘कुष्ठ’ हे शब्द आल्याने हाच अर्थ येथील वाचकांपर्यंत पोहोचला. नॉर्वेतील आर्मौअर हान्सेन याने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधून काढला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी भारतातील वैयक्तिक कायद्यांतून, ख्रिस्ती घटस्फोटविषयक कायद्यासह, २०१९ मध्ये वगळण्यात आल्या.

या समजुतीला विरोध करणारे आधार खुद्द धर्मग्रंथांतच होते. लेवीय ग्रंथातील नियम विकाराचे निदान व विलगीकरण सांगतात. रुग्णाच्या पापाविषयी तेथे निर्णय दिलेला नाही. येशूने अशा रुग्णाला हात लावून बरे केले (मार्क १:४०–४२) आणि जन्मांध माणसाच्या व्यंगाचे कारण त्याचे किंवा त्याच्या आईबापांचे पाप नव्हे, असे स्पष्ट सांगितले (योहान ९:३).

मूळ भाषांतील एका शब्दातील दुहेरी अर्थ मराठीत एकाच शब्दाने दाखविता येत नाही. देहासाठी कुजणे, वस्तूसाठी नाश पावणे व शीलासाठी भ्रष्ट होणे असे निरनिराळे शब्द योजावे लागतात. त्यामुळे मूळ शब्दसंबंध काहीसा लोपतो. परंतु देहाची अवस्था व शीलाची अवस्था या भिन्न गोष्टी आहेत, हेही त्यामुळे स्पष्ट राहते. कुजण्यावरून पापाचे स्वरूप समजावून देणे हे या प्रतिमेचे धर्मग्रंथांतील प्रमुख कार्य होय. याउलट, कुजणाऱ्या किंवा व्याधिग्रस्त देहावरून त्या व्यक्तीच्या पापाचे अनुमान करणे ही ईयोबाच्या मित्रांची चूक होती आणि ग्रंथानेच ती चूक म्हणून नोंदविली आहे.