प्रश्नावली मिटल्यावर

आजचा विषय जरा जड आहे. मध्येच थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा.

मी मुकुटबनचा. यवतमाळ जिल्हा, झरी जामणी तालुका, माजरी–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं गाव. बाहेर जिल्ह्याचं नाव सांगितलं की समोरचा विचारतो, "शेतकरी आत्महत्या होतात तिथलेच ना?" या आत्महत्यांचा इतिहास बऱ्याच जणांनी सांगितलाय. मला आज त्यांची माहिती गोळा करणाऱ्यांबद्दल बोलायचंय.

१९ मार्च १९८६. आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. जाहीर नोंद झालेली ही राज्यातली पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. पुढे आकडे वाढत गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने न्यायालयासाठी केलेला अहवाल मार्च २००५ मध्ये सादर झाला. जानेवारी २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रा यांचा अहवाल आला. त्यात वर्धा, वाशीम आणि यवतमाळमधल्या १११ आत्महत्यांचा अभ्यास होता.

१११ हा आकडा वाचायला एक सेकंदही लागत नाही. पण त्यासाठी कुणीतरी एकेका घरात जाऊन बसलं होतं. अशा अभ्यासात विचारावंच लागतं: कर्ज किती? बँकेचं किती, सावकाराचं किती? आधी काही बोलले होते का? उत्तरं अहवालात येतात. ती ऐकून मुक्कामी परतलेल्या माणसाची रात्र कशी गेली, याला रकाना नसतो.

हे मला फार उशिरा कळलं. एका मैत्रिणीच्या अभ्यासासाठी मी सर्वेक्षणाचं ॲप बनवलं होतं. 'मृत्यूचं कारण' हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही, अशी सोय मीच केली होती. डेटा तपासताना काही ठिकाणी नुसतं टिंब दिसलं. मी वैतागून फोन केला, "अगं, हा काय कचरा भरलास?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथे काकू रडत होत्या रे. आणि ॲप पुढे जाऊ देत नव्हतं."

ती दिवसाला सहा घरं करायची. झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं. पण "त्यांच्या दुःखापुढे माझं काय?" म्हणून कुणाला सांगत नव्हती.

याला नाव आहे. १९९० मध्ये मॅकॅन आणि पर्लमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी, आघात सोसलेल्यांवर उपचार करणाऱ्यांबद्दल लिहिताना, हा परिणाम मांडला. मराठीत त्याला परोक्ष आघात म्हणू: घाव दुसऱ्याचा, पण रोज ऐकून आपल्यातही उतरलेला. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये कौटुंबिक हिंसेच्या संशोधनासाठी नियम दिले. त्यात साफ म्हटलंय की मुलाखती घेणाऱ्यांना खास प्रशिक्षण आणि सतत आधार द्या.

तुम्ही म्हणाल, घरातला माणूस गमावलेल्या बाईपेक्षा माहिती घेणाऱ्याचं दुःख मोठं आहे का? नाहीच. पण आतून बधिर झालेला माणूस नीट ऐकू शकत नाही. तो रकाने भरतो आणि निघतो. मग नुकसान त्या बाईचंच होतं. तिने काळीज उघडून सांगितलेलं कुठे पोचतच नाही.

मी ॲप बदललं. आता तो रकाना सक्तीचा नाही. प्रत्येक पानावर 'थांबूया' हे बटण आहे आणि दिवसाला तीनच मुलाखती नोंदवता येतात. संध्याकाळी एकमेकांशी बोलायचं, हा नियम मैत्रिणीने स्वतः घातला. ते काही ॲपमध्ये बसवता येत नाही.

ती जुनी टिंबं मात्र मी डेटामधून काढली नाहीत.

ऐकताना तुमचं मन जड झालं असेल, तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.